अर्धी शेळी

माझ्या नणंदेने माझ्या हातची चटणी खाणं बंद केलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली. चटणीच नव्हे, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड, मीठसुद्धा. पान वाढायची आमच्या घरची पद्धत माझ्या आईकडून आलेली आहे. डावं ते डावीकडे, उजवं ते उजवीकडे. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं म्हणून चटणी उजवीकडे वाढायची नसते. तर हेमाताई पोळी-भाजी, आमटी-भात स्वच्छ संपवायच्या आणि ताटाची डावी बाजू जशीच्या तशी ठेवून उठायच्या.

मी ते मनावर घेतलं. कुणीही घेतलं असतं. सुरुवातीला वाटलं, तिखट होत असेल. मग दाण्याची केली, जवसाची केली, खोबऱ्याची केली. बोट म्हणून लावलं नाही. अमोघ, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणायचा, "अगं, ताईला नसेल आवडत." मग तसं तोंडानं सांगावं ना! पण तोंड उघडून माझ्याशी बोलतील तर त्या हेमांगी कारखानीस कसल्या? जेवायला मी स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीवर, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला बसायची. मी काही विचारलं तर उत्तर नाही. समोर बसलेल्या अमोघनं तेच विचारलं की लगेच उत्तर. घराची पुनर्बांधणी होईपर्यंत सहा महिने राहायला म्हणून आलेली ही बाई माझ्याच टेबलाशी बसून मला जमेतच धरत नव्हती.

त्यातून त्या मोठ्या चित्रकार. नाशकातच काय, महाराष्ट्रात कुणालाही विचारा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, मुलांची पुस्तकं, सगळीकडे कारखानीस बाई. आणि गेल्या काही वर्षांत तर त्यांची ती नवी शैली भलतीच गाजत होती. चित्राची उजवी बाजू माणसांनी, रंगांनी ओसंडणारी आणि डावी बाजू विरळ होत होत साफ कोरी. समीक्षकांनी तिला 'डावीकडचं मौन' असं नाव दिलं. ताईंनी ते नाव उचललं आणि त्यावर व्याख्यानं द्यायला लागल्या.

त्या शैलीतलं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे 'बुधवारचा बाजार'. गोदावरीच्या काठचा बाजार, उजवीकडे भाजीवाल्या, टोपल्या, ताडपत्र्या, घासाघीस करणारी गिऱ्हाइकं. मधोमध एक शेळी. तिचं तोंड, शिंगं, पुढचे पाय, पोटापर्यंतचं अंग, आणि पुढे काही नाही. कोरा कागद. त्या अर्ध्या शेळीवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. ज्या दिवशी ताईंनी बाजारात बसून त्याची रेखाटनं केली, त्या दिवशी त्यांच्या डाव्या बाजूला भर उन्हात छत्री धरून मी उभी होते. हात भरून आला होता. चित्रात काय नाही? बाजारातलं भटकं कुत्रंसुद्धा आहे. मी नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की साखळकरांनी जेव्हा त्याच चित्राचा थरांसकट केलेला स्कॅन माझ्यासमोर ठेवला तेव्हा मला काय वाटलं असेल ते कळावं.

साखळकर म्हणजे आमच्या बीजांकुर स्टुडिओचे मालक. आमच्याकडे 'उकल' नावाचं यंत्र आहे आणि ते चालवणं हे माझं काम. ते काय करतं? समजा, तुमच्यासमोर एक चित्र आहे. तुमची नजर त्यावर कुठे आधी पडते, कुठून कुठे सरकते, कुठे अडखळते? ती नजरेची वाट उकल काढतं. मग प्रत्येक भागाचा भार मोजतं. गडद रंग जड, माणसाचा चेहरा त्याहून जड, कोरी जागा हलकी. आणि तिसरं म्हणजे रेघ. हात कुठे वेगात गेला, कुठे कचरला, कुठली रेघ आधी आणि कुठली मागून आली, हे रंगाच्या थरांवरून त्याला समजतं. या तिन्हींमधून जे उरतं त्याला आम्ही बीज म्हणतो. चित्रातली शेळी, टोपल्या, बायका सगळं गळून जातं. चित्र बघणाऱ्याला ज्या रीतीनं खेचतं ती रीत तेवढी राहते.

आणि मग त्या बीजातून नवी संकल्पनाचित्रं काढायची. समुद्राखालचं शहर हवंय? मंगळावरची शाळा हवीय? उकल शेकडो रेखाटनं पुढ्यात टाकतं. मूळ चित्रातली एक रेघही त्यात नसते, म्हणून कायद्यानं ती अस्सल. पण बघणाऱ्याचा जीव मात्र तस्साच अडकतो. सिनेमावाले, खेळ बनवणारे, जाहिरातवाले आमच्या दारात रांग लावून असतात ते त्यासाठी.

"तुमच्या नणंदबाईंचं बीज हवंय मला," साखळकर म्हणाले. "त्यांच्याशी पाच वर्षांचा करार करतोय. दर महिन्याला नवं चित्र, त्यातून ताजं बीज. आणि हे मूळ चित्रही आपल्या दर्शनी भिंतीवर येईल. त्या तयार आहेत ना?"

त्या तयार होत्या. आदल्याच दिवशी जेवताना अमोघला सांगत होत्या, "यंत्रानं काढलेलं चित्र म्हणजे फोडणीचा भात. पण त्या यंत्रालाही माझाच भात लागतो, हे कळू दे लोकांना." मी शेजारीच बसले होते. यंत्र मी चालवते हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे बघितलंही नाही.

खोटं कशाला बोलू, मी ते चित्र उकलायला घेतलं ते आकसानं. उकल कधीकधी दाखवतं की अमुक चित्राची मांडणी तमुक जुन्या चित्रावरून उचललेली आहे. तसं काही निघावं अशी माझी मनापासून इच्छा होती. मी त्यांची आठ वर्षांतली यच्चयावत चित्रं यंत्रात घातली.

उचललेलं काही निघालं नाही. निघालं ते वेगळंच.

चित्रकार जागा मोकळी सोडतो तेव्हा भोवतीच्या रेघांना ते माहीत असतं. त्या कोऱ्या जागेजवळ येताना मंदावतात, वळतात, निमुळत्या होतात. उकलच्या तक्त्यात हे स्वच्छ दिसतं. ताईंच्या जुन्या चित्रांत ते होतंच. पण पाचेक वर्षांपूर्वीपासून डावीकडच्या रेघांचं वागणं बदललेलं होतं. त्या मंदावत नव्हत्या, वळत नव्हत्या. भरवेगात जाऊन तुटत होत्या, कागद तिथेच संपल्यासारख्या. शिवाय कोरेपणा आधी फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात होता आणि मग वर्षागणिक वर चढत, मध्याकडे सरकत आला होता. विषय लग्नाचा असो की जंगलाचा, त्याला फरक पडत नव्हता. यंत्रानं शेवटी शेरा दिला होता: 'मोकळी जागा सोडलेली नाही. ती पाहिलेली नाही.'

पहिल्यांदा मला आनंद झाला, अगदी उकळ्या फुटल्या. म्हणजे ते डावीकडचं मौन, ती व्याख्यानं, सगळं पोकळ! बाईंनी ठरवून काही केलेलंच नाही! मी तो तक्ता घेऊन साखळकरांकडे गेले.

त्यांनी तो शांतपणे वाचला. "हे कुणाला दाखवलंत?"

"कुणालाच नाही. पण सर, पाहिलेली नाही म्हणजे काय? डोळ्यांचं काही..."

"ऋजुताबाई, या बीजाची रेखाटनं बघितलीत तुम्ही? बघणाऱ्याची नजर डावीकडे जाऊन कड्यावरून पडल्यासारखी होते. असं बीज आजवर कुणाकडे नव्हतं. ते का आहे, याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"त्या आजारी असल्या तर?"

"आणि बऱ्या झाल्या तर?" त्यांनी तक्ता माझ्या हातात न देता खणात टाकला. "गुप्ततेच्या कागदावर तुमची सही आहे, एवढं लक्षात ठेवा."

मी घरी आले ती डोक्यात राख घालूनच. राग साखळकरांचा, ताईंचा आणि थोडा माझाही. त्याच रागात पानं वाढायला घेतली. ताईंच्या पानात मीठ, लिंबू, लसणाची चटणी, काकडीची कोशिंबीर वाढली, आणि हात थांबला. ही बाजू ती बाई रोज जशीच्या तशी ठेवते. यंत्रात आज दिवसभर मी जे बघत होते ते इथे रोज माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि मी त्याला माज म्हणत होते.

ताई जेवायला बसल्या. भाजी संपवली, आमटी-भात संपवला. डावी बाजू तशीच. त्या उठणार तेवढ्यात मी हात लांब करून त्यांचं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. डावं ते उजवीकडे आलं.

ताईंनी ताटाकडे बघितलं. चेहरा एकदम खुलला.

"अरे वा, लसणाची चटणी! आणि काकडी! अमोघ, आज काय विशेष? किती दिवसांनी केली हिनं चटणी." आणि भात संपला होता तरी नुसतीच चटणी बोटानं चाटायला लागल्या.

अमोघचा घास हातात राहिला. तो माझ्याकडे बघायला लागला. तीन वर्षं मी या माणसासमोर चटणीवरून रडले होते.

आता तुम्हाला वाटेल, मी सांगितलं आणि त्या मुकाट डॉक्टरांकडे गेल्या. छे! मी करार, साखळकर, तक्ता सगळं सांगितलं, तेव्हा त्या ज्या भडकल्या त्याला तोड नाही.

"माझी शैली म्हणजे रोग? हे तुझं ते यंत्र सांगतं?"

"यंत्र काही सांगत नाही. रेघा सांगतात. ताई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"मला सगळं दिसतं! हा माझा डावा हात, ही खिडकी, तो पंखा. दिसतंय!" आणि ते खरंच होतं. बोट दाखवून विचारलं की त्यांना दिसायचं. "जळतेस तू माझ्यावर. पहिल्यापासून. काय काढलंस ग आयुष्यात? दुसऱ्याच्या चित्रांची सालं काढतेस नुसती."

"हो, जळते! तुम्ही माझ्याशी तीन वर्षं बोलला नाहीत धड, मग काय ओवाळू?"

"ऋजुता, पुरे," अमोघ म्हणाला. "ताई करार करतेय, तिला करू दे. चटणीचं काय, एखाद्या दिवशी लक्ष गेलं नसेल." ताट फिरवलं तेव्हा ह्याचाच घास हवेत राहिला होता. बहिणीच्या आवाजापुढे तो कायम असा विरघळतो.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात माझं ओळखपत्र चालेना. अमोघनं, माझा बिनडोक भोळा नवरा तो, साखळकरांना फोन करून विचारलं होतं, की असा काही तक्ता आहे का. माझी नोकरी गेली. मी परत आले ती सरळ ताईंच्या कामाच्या खोलीत शिरले. अमोघ मागून आला, "आता काय?" म्हणत.

ताई टेबलाशी बसून नवं चित्र रंगवत होत्या. 'बुधवारचा बाजार' समोर भिंतीला टेकून ठेवलेला. संध्याकाळी साखळकर स्वतः न्यायला येणार होते, करारावर सही तेव्हाच व्हायची होती. माझं लक्ष डाव्या भिंतीकडे गेलं. तिथे ताईंचा जुना आरसा टांगलेला होता. त्यांच्या कार्यशाळेत बसलेला कुठलाही पोरगा सांगेल, बाईंचा पहिला नियम काय. काम झालं की चित्राला आरसा दाखवा. डोळा आपल्या चुकांना सरावतो, उलटं बघितलं की चूक उघडी पडते. त्या आरशावर बोटभर धूळ होती.

"ताई, शेवटचा कुठल्या चित्राला आरसा दाखवलात?"

त्या उत्तर देईनात. मी त्यांच्या उजवीकडे गेले आणि पुन्हा विचारलं.

"दाखवते की. प्रत्येक चित्राला दाखवते."

"कुठेय आरसा?"

त्या खोलीभर बघायला लागल्या. उजवीकडे, समोर, परत उजवीकडे. अमोघ दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा उतरला. मी भिंतीवरून आरसा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्यासमोर 'बुधवारचा बाजार' ठेवून आरसा असा धरला, की त्यांना चित्र त्यात दिसावं. कोरी बाजू आता त्यांच्या उजवीकडे आली होती.

ताई बघत राहिल्या. मग कपाळाला आठी पडली. ती आठी मला माहीत होती, विद्यार्थ्यांची चित्रं तपासताना पडायची.

"हे काय? हे अर्ध्यात टाकून दिलंय कुणीतरी. या शेळीचं मागचं अंग कुठंय? ही बाई टोपली धरून हवेत बसलीय? एवढा कागद नुसता वाया! कुणाचं आहे हे?"

त्यांनी आरशातून नजर काढून चित्राकडे बघितलं, परत आरशाकडे. असं पुष्कळदा केलं. हळूहळू त्यांचा हात कागदावर गेला आणि शेळीच्या पोटापाशी थांबला.

"मी इथे काही ठरवलं नव्हतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "लोक म्हणाले मौन. मला वाटलं, असेल."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला आनंद झाला असेल."

"झाला होता. पहिल्या दिवशी. उद्या डॉक्टरांकडे येताय, की ओढत नेऊ?"

"ओढत ने," त्या म्हणाल्या. साखळकरांना अमोघनं फोन करून सांगितलं, की सही आता दवाखान्यानंतर.

डोळे ठणठणीत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, आवरणाला चिकटून, लिंबाएवढी गाठ होती. कर्करोगाची नव्हे, सावकाश वाढणारी. जगाच्या डाव्या बाजूकडे लक्ष ठेवण्याचं काम मेंदूची उजवी बाजू करते, असं डॉक्टरांनी समजावलं. ती दबली की डावीकडचं दिसत नाही असं नाही, त्याची दखलच घेतली जात नाही. आणि दखल घेतली जात नाही हेही त्या माणसाला कळत नाही. "घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" त्यांनी विचारलं. मी अमोघकडे बघितलं, अमोघनं जमिनीकडे. आणखी वर्षभर थांबला असतात तर डावा हातपाय गेला असता, कदाचित जीवही, असं ते म्हणाले.

गाठ निघाली. ताई घरी आल्या त्या टक्कल आणि तोंडाचा पट्टा दोन्ही घेऊन. पहिल्याच दिवशी जेवायला बसल्या, डावीकडून चटणी घेतली, चाखली आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय. तीन वर्षं अशीच करत होतीस?"

मला वाटलं होतं, आभार मानतील. मी कोशिंबिरीचं भांडं आपटून ठेवलं.

त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं. त्या परत चित्रं काढायला लागल्या आणि ती चांगली होती, नीटनेटकी, भरलेली, त्यांच्या तरुणपणी असायची तशी. कुणीही ती मागायला आलं नाही. बाहेर मात्र बीजांकुरची रेखाटनं धो धो येत होती. सिनेमाची पोस्टरं, शाळेची पुस्तकं, बिस्किटांचे पुडे, सगळ्यांची डावी बाजू कोरी. चित्रकलेच्या वर्गात पोरं डावा कोपरा मुद्दाम रिकामा सोडायला शिकत होती. एकदा रिक्षातून जाताना ताईंनी चौकातला मोठा फलक बघितला आणि मला म्हणाल्या, "माझं दुखणं भिंतीभिंतीवर लावून ठेवलंय तुम्ही लोकांनी." तुम्ही लोक म्हणजे मीच. त्यांनी मला क्षमा केली नव्हती आणि मीही काही मागितली नव्हती.

मग साखळकर आले. हसतमुख, हातात पेढे. म्हणाले, करार आता राहू दे, ताजं बीज काही मिळणार नाही, पण जुन्या बीजात तुमची एक रेघही नाही, त्यामुळे सहीशिवायही ते कायद्यानं आमचंच आहे. फक्त मूळ चित्र तेवढं द्या. जिथून सगळं सुरू झालं ती अर्धी शेळी दर्शनी भिंतीवर लावायची आहे. मोल तुम्ही म्हणाल ते.

"द्यायचं की," ताई म्हणाल्या. "बसा. जरा शेवटचा हात फिरवते."

त्यांनी चित्र टेबलावर आडवं घेतलं. दौत उघडली, टाक बुडवला आणि शेळीच्या पोटापासून रेघ ओढली. पाठ, मागचे पाय, शेपूट. साखळकरांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स खाली पडला.

"बाई! अहो, काय करताय! ही शाई आहे! पुसली जाणार नाही!"

"म्हणून तर घेतलीय," ताई म्हणाल्या. मान वर केली नाही. शेळीच्या मागे टोपलीचा राहिलेला काठ आला, पेरूंचा ढीग आला, नदीची पायरी आली. साखळकर हात जोडत होते, मग शिव्या देत होते, मग दार आपटून गेले. ताई काढतच होत्या. माझा चहा गार झाला तरी मी उठले नाही.

अगदी शेवटी, खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात आधी कोरं पडत गेलं होतं तिथे, त्यांनी एक बाई काढली. हात उंच करून छत्री धरलेली. पाय दुखून एका पायावर भार टाकलेली. माझीच साडी, माझीच पर्स. चेहरा काढताना त्यांनी मान वळवून डावीकडे, माझ्याकडे बघितलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग तोंडाची रेघ ओढली. आंबट, वाकडी, चिडकी.

"एवढं वाईट तोंड आहे माझं?" मी विचारलं.

"त्या दिवशी असंच असणार," ताई म्हणाल्या. "उन्हात उभं केलं होतं तुला. हलू नकोस, छत्री अजून व्हायचीय."